लेहला सहा जण: विमान, रेल्वे की घरची गाडी?

प्रश्न रावेर तालुक्यातल्या एका केळी बागायतदारांचा आहे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, केळीची कापणी उरकली की घरच्या सहा जणांना लेह-लडाख दाखवायचं आहे. ते स्वतः, पत्नी, एकोणीस वर्षांचा मुलगा, चौदा वर्षांची मुलगी, सदुसष्ट वर्षांचे वडील (बीपीची गोळी चालू) आणि बासष्ट वर्षांची आई (मधुमेह). घरात तीन पक्ष पडलेत. मुलगा म्हणतो, नवी डिझेल गाडी दारात उभी आहे, मनालीवरून घेऊन जाऊ. मेहुणे म्हणतात, दिल्लीहून विमानात बसा, सव्वा तासात लेह. आणि वडील म्हणतात, भुसावळसारखं जंक्शन हाताशी असताना दुसरं काही बघायचंच कशाला. तर ऐकायचं कोणाचं?

भाऊ, वडिलांचं ऐका, पण अर्धंच. जाताना रेल्वेने जम्मू, तिथून श्रीनगर, आणि श्रीनगरहून भाड्याच्या गाडीने कारगिलमार्गे लेह. येताना मेहुण्यांचं विमान. मुलाची मनाली या खेपेला नाही. मी बावीस वर्षं जळगाव-धुळ्याकडची माणसं लडाखला नेतोय आणि त्यातल्या निदान पहिल्या पाच-सहा वर्षांत मीही तुमच्या मुलासारखाच विचार करायचो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपण सगळे वाहनाचा विचार करताना वेळ आणि पैसा मोजतो. लेहच्या बाबतीत आधी मोजायची असते ती उंची, आणि तीही रात्री झोपायच्या जागेची. जळगाव-भुसावळ समुद्रसपाटीपासून साधारण दोनशे मीटरवर. आपल्याकडचं थंड हवेचं ठिकाण तोरणमाळ, ते साडेअकराशेच्या आसपास. दिवाळीत ज्या अस्तंब्याची यात्रा करून लोक महिनाभर सांगत फिरतात तो सव्वातेराशे. अख्ख्या महाराष्ट्राचं टोक म्हणजे कळसूबाई, 1646 मीटर. आणि श्रीनगरचं दल सरोवर, जिथे माणसं शिकाऱ्यात बसून चहा पितात, तेच 1585 मीटरवर आहे. म्हणजे आपली उंची जिथे संपते तिथे काश्मीर सुरू होतं. लेह शहर साडेतीन हजारावर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण पासष्ट टक्केच उरतो. ऑक्सिजनचं हवेतलं प्रमाण तेच एकवीस टक्के असतं, पण हवाच विरळ असल्यामुळे एका श्वासात आत कमी जातो. शरीर याची सवय करून घेतं, त्याला दिवस लागतात, आणि ते दिवस तुमच्या छातीच्या रुंदीवर ठरत नाहीत.

जाणकारांचा सर्वसाधारण नियम असा: तीन हजार मीटरच्या वर गेलात की झोपायची जागा एका रात्रीत पाचशे मीटरहून जास्त वर नेऊ नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं. दिवसा खिंड ओलांडायला वर गेलात तर चालतं, झोपायला खाली या. हा नियम हातात धरून तिन्ही रस्ते बघा, म्हणजे माझं उत्तर कुठून आलं ते कळेल.

आधी मुलाची मनाली, कारण गैरसमज तिथेच सगळ्यात मोठा आहे. ‘रस्त्याने गेलं की शरीर हळूहळू सरावतं’ हे वाक्य तुम्ही दहा जणांकडून ऐकलं असेल. अर्धवट खरं आहे. मनाली दोन हजार पन्नास मीटर. 2020 च्या ऑक्टोबरपासून नऊ किलोमीटरचा अटल बोगदा झाल्यामुळे रोहतांगची खिंड चढावी लागत नाही, तासा-दीड तासात माणूस पलीकडच्या लाहौल खोऱ्यात उतरतो. पुढे केलाँग, जिस्पा साधारण 3100-3200 मीटरवर. इथपर्यंत ठीक. पण त्यापुढे लेहपर्यंत या रस्त्यावर मुक्कामाच्या ज्या जागा आहेत त्यातल्या बहुतेक लेहपेक्षा उंच आहेत. सरचू 4290 मीटर, पांग त्याहून वर. हळूहळू चढायचं म्हणून ज्या रस्त्याने निघालो, तो रस्ता आपल्याला लेहच्या आधीच लेहपेक्षा आठशे मीटर उंचावर, तंबूत, उणे तापमानाच्या वाऱ्यात झोपवतो. याला जिना म्हणत नाहीत.

2009 च्या जुलैत मी अकरा जण दोन गाड्यांतून याच रस्त्याने नेले होते. त्यात अमळनेरचा एक सव्वीस वर्षांचा पोरगा होता, आखाड्यातला, रोज पाचशे बैठका मारणारा. जिस्पाला मी सगळ्यांना सांगितलं, डोकं दुखलं तर लपवू नका. तो हसून म्हणाला, ‘‘माले काही व्हत नही.’’ सरचूला पोचल्यावर त्याने तंबूंमध्ये क्रिकेट खेळायला काढलं. रात्री दोनला त्याच्या मित्राने मला उठवलं. पोरगा दोनदा उलटी करून बसला होता, बोलणं जड झालं होतं, आणि उभं करून सरळ रेषेत चार पावलं चाल म्हटलं तर दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खात होता. हे लक्षण दिसलं की सकाळची वाट बघायची नसते, खाली उतरायचं असतं. आता गंमत बघा. सरचूहून ‘खाली’ जायचं तर केलाँगकडे शंभरावर किलोमीटर, आणि मध्ये बारालाचा खिंड, 4890 मीटर. उतरण्यासाठी आधी सहाशे मीटर चढायचं. पुढच्या बाजूला गेलं तर लाचुलुंग आणि तांगलांग या खिंडी, दोन्ही पाच हजारांच्या वर. म्हणजे दोन्हीकडून झाकण लावलेल्या डब्यात आपण झोपलो होतो. त्या रात्री ड्रायव्हरने जी गाडी काढली ती पहाटे केलाँगच्या दवाखान्यापाशी थांबवली. पोरगा ऑक्सिजनवर संध्याकाळपर्यंत माणसात आला. त्याच तंबूत झोपलेली चोपड्याची चौसष्ट वर्षांची मावशी मात्र सकाळी उठून सगळ्यांना दशम्या वाटत होती. तेव्हापासून मी कोणाच्या दंडाकडे बघून काही ठरवत नाही.

तुमच्या मुलाच्या बाजूने एक गोष्ट सांगतो. सरचूचा मुक्काम टाळता येतो. जिस्पाला दोन रात्री काढायच्या आणि तिसऱ्या दिवशी पहाटे चारला निघून थेट लेह गाठायचं. झोपायच्या जागांचा हिशेब मग बरोबर बसतो. पण तो दिवस सव्वातीनशे किलोमीटरहून जास्त, बारा-चौदा तासांचा, त्यातले बरेचसे तास चार हजार मीटरच्या वर. दुपारनंतर बर्फ वितळून नाल्यांना पाणी चढतं, म्हणून उशीर केलेला चालत नाही. दोस्तांबरोबर चालेल. मधुमेहाच्या आईला असा दिवस देऊ नका.

शिवाय मनालीला पोचायचंच आहे की अजून. धुळ्याहून आग्रा रोडने इंदूर, ग्वाल्हेर, दिल्ली, चंदीगड करत मनाली म्हणजे अंदाजे सोळाशे-सतराशे किलोमीटर, तेही जूनच्या उन्हात मध्य प्रदेश पार करत. चार दिवस स्टिअरिंग धरून दमलेला माणूस मग जगातल्या अवघड रस्त्यांपैकी एकावर गाडी घालणार, आणि परत येताना तेच उलटं. गाडी न्यायची म्हणजे ती परतही आणायची, हे निघताना कोणाच्या लक्षात राहत नाही.

गाडीबद्दल विचारलंत म्हणून: तुमचं टर्बो डिझेल आहे, ते वर बरं चालतं. साध्या पेट्रोल इंजिनाची ताकद दर हजार मीटरला ढोबळमानाने दहा टक्के कमी होत जाते, खिंडीवर पोचेपर्यंत ते निम्म्या दमावर आलेलं असतं. आपल्याकडे घरोघरी सीएनजीच्या गाड्या झाल्यात, त्या नेणाऱ्यांनी तिकडे सीएनजी विसरावा, पेट्रोलचीच टाकी धरून हिशेब करावा. मनाली-लेह रस्त्यावर केलाँगच्या अलीकडे तांडी लागतं, तिथल्या पंपावर ‘पुढचा पंप 365 किलोमीटर’ असा फलक वर्षानुवर्षं होता, लोक त्याच्याखाली उभं राहून फोटो काढायचे. टाकी तिथेच भरावी. उतारावर न्यूट्रल करू नये, दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाला धरून ठेवू द्यावं, नाहीतर ब्रेक तापून पायाखाली काहीच लागत नाही. आणि गाडी घरच्याच माणसाच्या नावावर हवी. मित्राची गाडी घेऊन गेलेल्यांना तिकडचे टॅक्सीवाले अडवतात, आरसी बघतात, भाड्याने आणली असं समजून वाद घालतात. त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे, मी त्यांना दोष देत नाही.

आता मेहुण्यांचं विमान. जळगावच्या विमानतळावरून थेट लेह नाही, दिल्ली गाठावी लागते. मुंबईहून दुपारी निघणारी राजधानी जळगावला थांबते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दिल्लीत सोडते. पण त्याच दिवशी लेहचं विमान पकडू असं समजू नका. लेहची विमानं बहुतेक सकाळचीच असतात. दुपारी दरीत वारा उठतो, आणि ऊन चढलं की आधीच विरळ असलेली हवा आणखी विरळ होते, विमानाला उचल मिळत नाही. त्यामुळे दिल्लीत एक रात्र धरावीच लागते. याच कारणाने विमानं रद्दही होतात. येताना लेहहून दिल्लीला उतरून त्याच संध्याकाळची परतीची रेल्वे धरायची, असा बेत मी कुणाला करू देत नाही. एक दिवस मोकळा सोडा.

विमानाचा धोका सरळ आहे. दिल्ली दोनशे मीटर, लेह साडेतीन हजार, मध्ये पायरी नाही. विमानाच्या आतला दाबसुद्धा जमिनीसारखा नसतो, तो साधारण अठराशे ते चोवीसशे मीटर उंचीवर असावा तेवढा ठेवतात. म्हणजे खुर्चीत बसल्या बसल्या तुम्ही कळसूबाईच्या वर असता. मग लेहला दार उघडतं ते 3256 मीटरवर. आणि खरी फसगत पुढची आहे: उतरल्यावर काहीच होत नाही. ऊन छान असतं, निळं आभाळ, माणूस म्हणतो लोक उगाच घाबरवतात. त्रास सहा ते बारा तासांनी सुरू होतो, म्हणजे संध्याकाळी किंवा रात्री. धुळ्याचं एक कुटुंब सकाळी आठला उतरलं, मी हॉटेलात झोपून राहा म्हणून बजावलं, आणि मी बाजारात गेलो तेवढ्यात सगळे शांतिस्तूपाच्या पायऱ्या चढून आले. रात्री चौघांपैकी तिघांची डोकी धरलेली. पुढचे दोन दिवस त्यांनी लेहची फक्त खिडकी पाहिली.

असं असूनही, तुमच्या आईवडिलांसाठी विमान आणि मनाली यातच निवडायचं असतं तर मी विमान म्हणालो असतो. लेहमध्ये सोनम नोरबू रुग्णालय आहे. तिथल्या डॉक्टरांना उंचीचा आजार म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यातल्या उष्माघातासारखा रोजचा. आणि अगदीच वेळ आली तर दुसऱ्या सकाळी विमानाने खाली आणता येतं. सरचूच्या तंबूत यातलं काहीच नाही. विमानाने जाणाऱ्याने पहिले दोन पूर्ण दिवस खोलीत आणि अंगणात काढले, तिसऱ्या दिवशी गावात हळू फिरला, तर बहुतेकांचं निभावतं. ज्यांच्याकडे सातच दिवस आहेत त्यांचं दोन दिवस पडून राहायला मन होत नाही, तिथेच बिघडतं.

तुमच्याकडे बारा-तेरा दिवस आहेत असं लिहिलंय, म्हणून मी श्रीनगरचा रस्ता सांगतोय. पुण्याहून जम्मूला जाणारी झेलम एक्सप्रेस आपल्या चाळीसगाव, जळगाव, भुसावळवरूनच जाते. तीस तासांच्या वर प्रवास आहे, लांब आहे, पण आईला पाय पसरता येतात, गोळ्यांच्या आणि जेवणाच्या वेळा पाळता येतात, आणि भाकरी-ठेचा घरचा. जम्मू-कटऱ्याकडे गाडी बदलून आता श्रीनगरपर्यंत रेल्वेनेच जाता येतं. 2025 च्या जूनमध्ये ती जोडणी पूर्ण झाली, नदीपात्रापासून 359 मीटर उंचीचा चिनाबचा पूल त्याच वाटेवर आहे. वडिलांना खिडकी द्या. रेल्वेची नोकरी न करताही भुसावळकडच्या माणसाला पूल बघून जे होतं ते त्यांना होईलच.

मग श्रीनगरला दोन रात्री, 1585 मीटर. प्रवासाचा शीण जातो आणि शरीर पहिल्या पायरीवर येतं. तिथून पहाटे निघून सोनमर्ग, झोजी ला. खिंड 3528 मीटरची आहे, पण तिथे थांबायचं नसतं, ओलांडून द्रासला चहा घ्यायचा आणि संध्याकाळी कारगिल, 2676 मीटर. इथे मी वयस्कर माणसं बरोबर असली की एकाऐवजी दोन रात्री काढतो, मधल्या दिवशी द्रासचं युद्धस्मारक निवांत होतं. तिसऱ्या दिवशी नमिका ला, फोटू ला (4108 मीटर, या रस्त्यावरची सगळ्यात उंच जागा), लामायुरूचा गोंपा (बौद्ध मठ) करत लेह. सोळाशे, सत्तावीसशे, साडेतीन हजार. प्रत्येक खिंडीनंतर झोपायला खाली. ‘शरीर हळूहळू सरावतं’ असं मनालीच्या रस्त्याबद्दल जे म्हणतात ते खरं तर या रस्त्याला लागू पडतं. आणि कारगिलला कुणाला बरं वाटेनासं झालं तर श्रीनगरला परतणं एका दिवसाचं काम आहे, वाटेत फक्त झोजी ला. झोजी लावर दरड आणि एकेरी वाहतुकीमुळे तास-तास खोळंबा होतो, त्याला इलाज नाही. काश्मीरची परिस्थितीही निघण्याच्या आठवड्यात पुन्हा बघून घ्या.

लेहला पोचल्यावर दोन रात्री तिथेच. मग नुब्रा खोरं. खारदुंग ला 5359 मीटर आहे, तिथे फोटो काढून पंधरा-वीस मिनिटांत निघा, कारण नुब्रातलं हुंदर गाव लेहपेक्षा खाली आहे, झोप छान लागते. पँगाँग सरोवर सगळ्यात शेवटी. सव्वाचार हजारांच्या वर आहे ते. मुलं राहतील, आईवडिलांनी दिवसभरात जाऊन-येऊन केलं तरी दमतील, तेव्हा ते लेहलाच राहिले तर वाईट वाटून घेऊ नका. श्रीनगरच्या टॅक्सीने नुब्रा-पँगाँग करता येत नाही, लेहची टॅक्सी वेगळी करावी लागते. हा खर्च आधीच धरा.

औषधांचं. डायमॉक्स नावाची गोळी लोक एकमेकांना शेंगदाण्यासारखी वाटतात. ती उपयोगी आहे, शरीराला सरावायला मदत करते, पण तिने लघवी वाढते. बीपीच्या अनेक गोळ्यांमध्येही लघवी वाढवणारं औषध असतंच. सल्फाची ॲलर्जी असलेल्यांनी तर विचारूनच घ्यावी. वडिलांच्या आणि आईच्या सगळ्या चिठ्ठ्या घेऊन तुमच्या नेहमीच्या डॉक्टरकडे निघण्याआधी महिनाभर जा, ईसीजी करून घ्या, आणि गोळी घ्यायची की नाही, किती, हे त्यांच्याच तोंडून ऐका. आई इन्सुलिन घेत असेल तर ते सामानाच्या बॅगेत टाकू नका, अंगाजवळ ठेवा, गोठलं की वाया गेलं. कापराची पुरचुंडी हुंगून ऑक्सिजन वाढतो हे खरं नाही, नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं एवढंच. बाजारातला हातात मावणारा ऑक्सिजनचा डबा काही मिनिटांत संपतो, आणि विमानात नेऊ देत नाहीत. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर मात्र घ्या. पहिल्या दिवशी लेहला 85-90 दाखवलं म्हणून घाबरू नका, माणूस कसा दिसतो-चालतो ते बघा. गोळीने न थांबणारी डोकेदुखी, बसल्या जागी धाप, खोकला, बडबड किंवा झोकांडी, यातलं काहीही दिसलं तर दवाखाना आणि उतरणं. पहिल्या दोन रात्री दारू आणि झोपेची गोळी नको. तुमच्या मुलालाही हे वाचून दाखवा, त्याला जास्त गरज आहे.

मुलाला असंही सांगा की मनालीचा रस्ता कुठे पळून जात नाही. पुढच्या वर्षी दोस्तांना घेऊन श्रीनगरकडून चढायचं आणि मनालीकडून उतरायचं. लेहला आठवडा काढून सरावलेल्या शरीराला सरचूची रात्र एवढी जड जात नाही. उलट्या दिशेने मी आजही आनंदाने जातो.

रेल्वेची तिकिटं साठ दिवस आधी उघडतात, तेव्हा तारीख आजच ठरवा. सहाही जणांचं एकच तिकीट काढू नका. खालच्या बर्थचा ज्येष्ठांचा कोटा एका तिकिटावर एक किंवा दोन माणसं असतील तेव्हाच लागतो, म्हणून आईवडिलांचं वेगळं काढा. आणि घरातल्या निदान एकाचं सिम पोस्टपेड करून घ्या. आपल्याकडचं प्रीपेड जम्मूपासून पुढे बंद पडतं, आणि मग रावेरला मागे राहिलेली माणसं काळजी करत बसतात.